हर्सिनियन अरण्य : ग्रंथांतले आणि मातीतले

ऱ्हाइन नदीपलीकडे एक अरण्य आहे. हलक्या सामानानिशी चालणाऱ्यालाही त्याची रुंदी ओलांडायला नऊ दिवस लागतात आणि लांबीच्या दिशेने साठ दिवस चालूनही त्याचे टोक गाठलेला माणूस भेटत नाही, अशा आशयाची नोंद जूलियस सीझरने गॉलच्या युद्धाच्या वृत्तांतात केली आहे. ग्रीक आणि रोमन लेखक ज्याला हर्सिनियन अरण्य म्हणत ते हेच. आजच्या नकाशावर ते शोधायचे तर जर्मनीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या ब्लॅक फॉरेस्टपासून सुरुवात करावी लागते. ओडेनवाल्ड, श्पेसार्ट, थुरिंगियाचे डोंगर, हार्ट्झ आणि बोहेमियाभोवतीच्या रांगा ओलांडत हा पट्टा पूर्वेला कार्पेथियन पर्वताकडे जातो.

या अरण्याविषयीचा वाद बराच जुना आहे. त्यात प्राचीन ग्रंथांचे अभ्यासक आहेत, पुरातत्त्वज्ञ आहेत, दलदलीतला चिखल सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारे वनस्पतिशास्त्रज्ञ आहेत आणि आता वनखात्यांतली माणसेही आहेत. सगळे एकाच अरण्याबद्दल बोलतात, पण प्रत्येकाचा प्रश्न वेगळा असतो. तिथे प्रत्यक्षात काय उभे होते, हा एक प्रश्न. रोमला तिथे काय उभे असलेले हवे होते, हा दुसरा. माझ्या मते या वादातला निम्मा गोंधळ हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळल्यामुळे झाला आहे. म्हणून या आढाव्यात ते शक्य तितके वेगळे ठेवले आहेत.

ग्रीकांच्या कानावर आलेले अरण्य

सीझरच्या कितीतरी आधी हे नाव ग्रीकांपर्यंत पोचले होते. इ.स.पू. चौथ्या शतकात अॅरिस्टॉटलने हवामानविषयक ग्रंथात अर्किनियन पर्वतांचा उल्लेख केला आहे. उत्तरेकडे वाहणाऱ्या बहुतेक नद्या तिथून निघतात आणि त्या भागातले ते सर्वांत उंच व विस्तीर्ण पर्वत आहेत, असे त्याने ऐकले होते. अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचा प्रमुख एराटोस्थेनिस यालाही हे अरण्य ठाऊक असल्याचे सीझर स्वतःच सांगतो. म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या विद्वानांना उत्तरेकडे डोंगर आणि जंगल यांचे काहीतरी प्रचंड आहे एवढे माहीत होते. तिथे कोणी गेले मात्र नव्हते. अॅरिस्टॉटलकडे पर्वत आणि सीझरकडे अरण्य, ही अदलाबदलही लक्षात ठेवण्याजोगी आहे. बाहेरून ऐकणाऱ्याला डोंगर आणि त्यावरचे रान वेगळे करता येत नव्हते.

रोमन इतिहासकार लिव्ही एक दंतकथा सांगतो. गॉलमधल्या बिटुरिगेस टोळीचा राजा अम्बिगातुस याने लोकसंख्या फार वाढली म्हणून आपल्या दोन भाच्यांना नव्या भूमीच्या शोधात धाडले. कौल घेतला तेव्हा बेलोवेससच्या वाट्याला इटली आली आणि सेगोवेससच्या वाट्याला हर्सिनियन अरण्य. कथा ऐतिहासिक आहे असे आज क्वचितच कोणी मानते. पण तिच्यातले अरण्य लोकांनी वसायला जाण्याची जागा आहे, आणि पुढच्या चर्चेत ते महत्त्वाचे ठरते.

सीझरचे साठ दिवस

सगळ्या वादाचा गाभा सीझरच्या सहाव्या खंडातल्या पाच लहान प्रकरणांत आहे. ती कोणत्या प्रसंगी येतात हे आधी पाहायला हवे. इ.स.पू. ५३ मध्ये सीझरने दुसऱ्यांदा पूल बांधून ऱ्हाइन ओलांडली. स्वेबी टोळ्या मागे हटल्या आणि बाकेनिस नावाच्या दूरच्या अरण्याच्या तोंडाशी जाऊन थांबल्या. इथे वृत्तांत एकाएकी थांबतो. गॉल आणि जर्मन लोकांच्या चालीरीतींचे लांबलचक वर्णन सुरू होते, त्याच्या शेवटी हर्सिनियन अरण्य येते, आणि मग सीझर सांगतो की धान्याची टंचाई होईल म्हणून आपण पुढे न जाता परत फिरलो. पुलाचा जर्मन किनाऱ्याकडचा भाग त्याने तोडला, उरलेल्या भागाच्या टोकाला बुरूज उभारला आणि पहारा ठेवला. वाचक भानावर येतो तोवर माघार पूर्ण झालेली असते.

अरण्यातल्या प्राण्यांचे वर्णन तर थेट कथेच्या प्रदेशात जाते. कपाळाच्या मध्यावर एकच शिंग असलेला, हरणाच्या आकाराचा बैल तिथे आहे. एल्क या मोठ्या हरणाच्या पायांना सांधेच नसतात, म्हणून तो झाडाला टेकून झोपतो आणि शिकारी ते झाड आधीच अर्धवट कापून ठेवतात. झाड पडले की एल्कही पडतो आणि मग त्याला उठता येत नाही. नेमकी हीच गोष्ट हत्तीबद्दल सांगितली जाई आणि अॅरिस्टॉटलने ती तीनशे वर्षांपूर्वीच खोडून काढली होती. त्यामुळे काही संपादकांना ही प्रकरणे मागाहून कोणीतरी घुसडलेली वाटली. हे मत आज मागे पडले आहे, पण पूर्ण विझलेले नाही.

तिसरा प्राणी मात्र खरा आहे. हत्तीपेक्षा किंचित लहान, अतिशय चपळ आणि माणसाळवता न येणारा उरुस. याच्या शिंगांच्या कडांना चांदी मढवून मेजवानीत पेले म्हणून वापरत, असे सीझर नोंदवतो. हा म्हणजे ऑरॉक्स, आपल्या गाईबैलांचा रानटी पूर्वज. त्याची शेवटची गाय १६२७ मध्ये पोलंडमधल्या याक्तोरूफच्या रानात मेली. याच प्राण्याच्या भारतीय शाखेचे जीवाश्म नर्मदेच्या खोऱ्यात सापडले आहेत आणि वशिंडाच्या गुरांचा उगम त्या शाखेत आहे. तेव्हा आपल्या गोठ्यातला खिल्लार बैल सीझरच्या उरुसाचा दूरचा नातेवाईक ठरतो. आकाराची अतिशयोक्ती सोडली तर इथे सीझरच्या खबऱ्यांनी त्याला फसवलेले नाही.

याच मजकुरातले एक वाक्य बहुतेकांच्या नजरेतून निसटते आणि माझ्या दृष्टीने तेच सर्वांत मोलाचे आहे. जर्मनीतली सर्वांत सुपीक जमीन या अरण्याच्या भोवती आहे आणि तिथे वोल्के टेक्टोसागेस नावाची गॉल टोळी पूर्वीपासून वसली आहे, असे सीझर सांगतो. म्हणजे साठ दिवसांच्या अथांग रानाची गोष्ट सांगणारा लेखकच त्याच्या कडेने पिकाऊ जमीन आणि जुनी वस्ती असल्याचेही सांगतो.

कुऱ्हाड घेऊन आलेले रोमन

सीझरनंतर दोन पिढ्यांत रोमन सैन्य या प्रदेशात खरोखर शिरले आणि वर्णनांचा सूर बदलला. स्ट्रेबोच्या भूगोलात अरण्य दाट आहे, झाडे मोठी आहेत, पण त्याच्या मध्यभागी माणसांचे चांगले पोषण करणारा मुलूख आहे. हा मुलूख म्हणजे बोहेमिया असे सर्वसाधारणपणे मानले जाते. तिथे मार्कोमानी टोळीच्या मारोबोडुसने राज्य उभारले होते. इ.स. ६ मध्ये रोमने त्याच्यावर दोन बाजूंनी चाल केली. सेनापती टिबेरियस डॅन्यूबकाठच्या कार्नुन्टुमहून निघाला आणि सेन्टियस सॅटर्निनसला पश्चिमेकडून हर्सिनियन अरण्य तोडत लीजन, म्हणजे रोमन सैन्याच्या मोठ्या तुकड्या, आणायच्या होत्या. इतिहासकार वेलियस पाटेर्कुलस या मोहिमेचा समकालीन. तो हे असे सांगतो की जणू रान तोडणे हा लष्करी नियोजनातला एक साधा टप्पा आहे. पॅनोनियात बंड झाल्याने मोहीम अर्ध्यावर सोडावी लागली. माइन नदीच्या काठी मार्क्टब्राइट इथे सापडलेल्या मोठ्या रोमन छावणीचा संबंध अनेक पुरातत्त्वज्ञ याच मोहिमेशी जोडतात.

तीनच वर्षांनी, इ.स. ९ मध्ये, रोमन सेनापती वारुसच्या सतराव्या, अठराव्या आणि एकोणिसाव्या लीजनचा जर्मन टोळ्यांनी नाश केला. हे घडले ती जागा हर्सिनियन पट्ट्याच्या वायव्येला आहे, पण जर्मन रानाबद्दलची रोमन भीती त्या घटनेने कायमची गडद झाली. सुमारे दोनशे वर्षांनी लिहिणारा कॅसियस डिओ उंच झाडे, वादळी पाऊस आणि घसरड्या वाटा यांचे चित्र रंगवतो. १९८७ पासून काल्क्रीज इथे नाणी, शस्त्रे आणि हाडे मिळत गेली, आणि ती जागा म्हणजे टेकडी आणि दलदल यांच्यामधली अरुंद पट्टी आहे. हे अवशेष वारुसच्या सैन्याचे की काही वर्षांनी आलेल्या सेनापती गेर्मानिकुसच्या, यावर अजून मतभेद आहेत. बहुमत वारुसच्या बाजूने आहे.

रोमन लेखक थोरला प्लिनी स्वतः जर्मनीत घोडदळाचा अधिकारी होता. तरी हर्सिनियन ओकवृक्षांबद्दल लिहिताना तो भारावून जातो. हे ओक जगाच्या जन्माइतके जुने आहेत, त्यांची मुळे जमिनीतून वर येऊन कमानी होतात आणि त्यांखालून घोडेस्वारांच्या तुकड्या जाऊ शकतात, असे तो सांगतो. रात्री ज्यांची पिसे उजळतात असे पक्षीही त्याच्याकडे याच अरण्यात राहतात. इ.स. ९८ मधल्या टॅसिटसच्या ‘जर्मानिया’त देश रानांनी भयाण आणि दलदलींनी ओंगळ आहे, पण त्याच पुस्तकात शेते, पडीक जमीन आणि विखुरलेली घरेही आहेत. दुसऱ्या शतकातल्या भूगोलकार टॉलेमीकडे येईपर्यंत हे नाव अनेक अरण्यांपैकी एका लहान अरण्यापुरते उरते. माहिती वाढत गेली तसे अरण्य आक्रसत गेले. झाडे तोडली गेल्याने हे घडले नव्हते. नावाचा आवाका तेवढा कमी झाला.

मातीतला पुरावा

ग्रंथांची साक्ष तपासायला दुसरे साधन मिळाले ते १९१६ नंतर. स्वीडिश भूगर्भशास्त्रज्ञ लेनार्ट फॉन पोस्ट याने त्या वर्षी परागकणांच्या गणनेची पद्धत मांडली. डोंगरातल्या दलदलीत पोकळ नळी खुपसून काळपट चिखलाचा उभा स्तंभ बाहेर काढायचा. ठरावीक अंतरावरून चिमूटभर नमुना घ्यायचा, रसायनांनी त्यातले बाकी सारे विरघळवायचे आणि उरलेल्या काही शे कणांची काचपट्टीवर एकेक करून ओळख पटवायची. बीचचा कण वेगळा, ओकचा वेगळा, गवताचा वेगळा, राय धान्याचा वेगळा. कोणत्या थरात कशाचे प्रमाण किती, यावरून भोवतालच्या रानाचा इतिहास मांडता येतो. फ्रान्झ फिरबास याने असे शेकडो नमुने एकत्र करून १९४९ आणि १९५२ मध्ये मध्य युरोपाच्या वनेतिहासाचे दोन खंड प्रसिद्ध केले. या विषयातली पुढची सगळी चर्चा त्यांवर उभी आहे.

या पुराव्याने दोन गोष्टी बऱ्याच निश्चित केल्या. पहिली म्हणजे प्लिनीचे अनादी अरण्य फार जुने नव्हते. हिमयुग संपल्यावर आधी बर्च आणि पाइन आले, मग हेझल, ओक, एल्म आणि लिंडेन. डोंगरउतारांवर नंतर ज्याचे राज्य झाले तो बीच मध्य युरोपात बऱ्याच उशिरा पसरला, आणि तोवर तिथे शेतकरी येऊन काही पिढ्या लोटल्या होत्या. शेती सोडून दिलेल्या जागांवर बीचला पाय रोवता आले असावेत, असे काही अभ्यासकांचे म्हणणे आहे. तसे असेल तर सीझरच्या काळातल्या रानाच्या घडणीतच माणसाचा हात आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे सखल भागातली वस्ती. वाऱ्याने आणलेल्या लोएस नावाच्या सुपीक मातीच्या पट्ट्यांवर इ.स.पू. ५५००च्या आसपास शेती सुरू झाली. लाइपझिगजवळ त्या काळातल्या विहिरी सापडल्या आहेत. पाण्याखाली राहिल्यामुळे त्यांचे ओकचे लाकूड सात हजार वर्षे टिकले. दगडी वाकसांनी तोडलेल्या, मीटरभर व्यासाच्या वृक्षांच्या फळ्या कोपऱ्यात खाचा पाडून एकमेकींत बसवल्या आहेत. वृक्षवलये मोजून हे ओक कोणत्या काळात तोडले तेही सांगता येते. सीझरच्या पाच हजार वर्षे आधी महावृक्ष आडवे करणारी आणि त्यांचे सुतारकाम जाणणारी माणसे तिथे होती.

आणि सीझरच्याच काळातले मान्शिंग पाहा. डॅन्यूबच्या दक्षिणेला, आजच्या इंगोलश्टाटजवळ, सुमारे ३८० हेक्टरचे तटबंदीचे केल्टिक नगर होते. तटाची लांबी सात किलोमीटरहून अधिक; आत लाकडाच्या तुळया लोखंडी खिळ्यांनी जोडलेल्या. तिथे नाणी पाडली जात, काचेच्या बांगड्या घडत, लोखंड वितळवले जाई. या सगळ्याला लाकूड आणि कोळसा लागतो. बोहेमियात झाविस्ट आणि स्ट्राडोनित्से ही अशीच नगरे होती. अशा नगरांभोवती साठ दिवसांचे अखंड रान असणे शक्य नाही. दुसरीकडे हार्ट्झ, बोहेमियन फॉरेस्ट आणि ब्लॅक फॉरेस्टच्या माथ्यांवरच्या दलदलींत त्या काळात शेतीच्या खुणा नगण्य आहेत. तिथे बीच, फर आणि उंचावर स्प्रूस यांचे घनदाट रान होते. रोमनांनी ते कल्पनेतून काढलेले नाही.

किती दाट, किती मोकळे

माणसाने हात लावण्याआधी मध्य युरोपाचे रान कसे होते, यावर गेल्या शतकभरात दोन मते एकमेकांसमोर उभी आहेत. पारंपरिक मत असे की माणूस नसता तर जवळजवळ सगळा प्रदेश मिटलेल्या छत्राच्या रानाने व्यापला असता. त्याला पहिला मोठा छेद रोबेर्ट ग्राडमान याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दिला. पहिले शेतकरी गवताळ, मोकळ्या पट्ट्यांवरच वसले, कारण दाट रान तोडण्याची त्यांची ताकद नव्हती, असे त्याचे प्रतिपादन होते. परागकणांचा पुरावा साचत गेला तसे ते मागे पडले.

२००० साली डच परिसंस्थातज्ज्ञ फ्रान्स व्हेरा याचा ग्रंथ इंग्रजीत आला आणि वाद पुन्हा पेटला. ऑरॉक्स, रानघोडे, गवे आणि हरणे यांच्या चरण्यामुळे मूळ निसर्ग हा कुरणे, काटेरी झुडपे आणि झाडांचे पुंजके यांचा मिळून बनलेला होता, असे व्हेराचे म्हणणे. त्याचा मुख्य आधार असा की ओक आणि हेझल यांना वाढायला उजेड लागतो आणि दाट सावलीत त्यांची रोपे मरतात. मग परागकणांत हे दोन्ही इतके विपुल कसे? यावर २००५ मध्ये फ्रेझर मिचेल याने आयर्लंडचे उदाहरण पुढे केले. तिथे ऑरॉक्स कधी नव्हतेच, तरी ओक आणि हेझल यांचे प्रमाण मुख्य भूमीसारखेच आहे. हा आक्षेप वजनदार आहे आणि व्हेराच्या बाजूने त्याचे पूर्ण समाधान झालेले नाही.

पण दुसऱ्या बाजूलाही धक्के बसले. वाऱ्यावर पराग सोडणारी झाडे नमुन्यांत वाजवीपेक्षा जास्त दिसतात आणि कीटकांवर अवलंबून असलेला लिंडेन कमी दिसतो, हे आधीपासून माहीत होते. शिन्या सुगिता याने २००७ मध्ये ही तफावत दुरुस्त करणारे गणिती प्रारूप दिले. ते वापरले की मोकळ्या जमिनीचे प्रमाण जुन्या अंदाजांपेक्षा बरेच वाढते. २०२३ मध्ये डेन्मार्कच्या आर्हुस विद्यापीठाशी संबंधित गटाने मागच्या आंतरहिमयुगाचा, म्हणजे आधुनिक माणूस युरोपात येण्याआधीचा, पुरावा तपासला. त्यांनाही विरळ रान आणि मोकळी जमीन मोठ्या प्रमाणावर दिसली.

हा वाद सीझरच्या काळाला सरळ लागू करता येत नाही. त्याच्या काळात पाच हजार वर्षांची शेती होऊन गेली होती. मैदानातला मोकळेपणा गुराख्यांनी आणि नांगरांनी आणला होता, तो रानघोड्यांचा मानायचे कारण नाही. या दोन काळांची गल्लत दोन्ही पक्षांच्या लेखनात आढळते आणि ती वाचकाची दिशाभूल करते.

ग्रंथ कसे वाचावेत

आता दुसरा प्रश्न, रोमला तिथे काय उभे असलेले हवे होते हा. एकोणिसाव्या शतकातल्या भूगोलाभ्यासकांनी सीझरचा मजकूर प्रवासवर्णनासारखा वाचला. नऊ दिवस आणि साठ दिवस यांचे मैल केले आणि ते नकाशावर मांडले. या वाचनाला आजही आधार आहे. व्यापाऱ्यांकडून आणि गॉल मित्रांकडून सीझरला खरी माहिती मिळत होती, टोळ्यांची नावे आणि डॅन्यूबला समांतर जाणारी दिशा बरोबर आहे.

याउलट अभ्यासक ख्रिस्तोफर क्रेब्स याने २००६ मध्ये असे मांडले की सीझरच्या ग्रंथात गॉल हा सीमा असलेला, विभागलेला, म्हणून जिंकता येणारा देश आहे, तर जर्मानिया हा अंत नसलेला विस्तार आहे. टोक नसलेले अरण्य ही माघारीची सबब आहे. अरण्याचे वर्णन आणि परतीचा निर्णय वृत्तांतात लागून येतात, हे पाहिल्यावर ही मांडणी सहज झटकता येत नाही.

मला ती सीझरपुरती पटते. पुढच्या लेखकांना ती जशीच्या तशी लावता येत नाही. वेलियसला आपला सेनापती टिबेरियस किती समर्थ होता ते दाखवायचे आहे, म्हणून त्याचे अरण्य तोडता येते. प्लिनीला निसर्गाची अचाट सामर्थ्ये गोळा करायची आहेत, म्हणून त्याचे ओक सृष्टीइतके जुने आहेत. टॅसिटसला रोमच्या ऐषारामासमोर कणखर लोक उभे करायचे आहेत. प्रत्येकाचा हेतू तपासून मगच त्याच्या साक्षीचे वजन ठरवावे लागते, आणि ‘रोमनांनी अरण्य रचले’ असे सरसकट विधान त्या कामाला उपयोगी पडत नाही.

नंतरच्या काळाबद्दल थोडक्यात. ‘जर्मानिया’चे हस्तलिखित पंधराव्या शतकात इटलीत पोचले आणि १४७० मध्ये व्हेनिसला छापले गेले. कॉनराड सेल्टिससारख्या जर्मन विद्वानांनी टॅसिटसची निंदा हीच स्तुती मानली आणि रान हे जर्मन शुद्धतेचे प्रतीक झाले. त्याचा शेवट कुठे झाला ते सर्वज्ञात आहे. १९४३ मध्ये नाझींच्या एसएस दलाच्या माणसांनी त्या ग्रंथाचे हस्तलिखित मिळवण्यासाठी इटलीतल्या एका वाड्याची झडती घेतली होती. इतिहासकार सायमन शामाने १९९५ मध्ये हा सारा प्रवास विस्ताराने लिहिला आहे.

अनिर्णित

वनव्यवस्थापनात हा वाद आज रोजच्या निर्णयांत उतरतो. खाणी आणि भट्ट्यांसाठी रान संपत चालले तेव्हा सॅक्सनीच्या खाण प्रशासनातल्या कार्लोवित्झने १७१३ मध्ये तोड आणि लागवड यांचा मेळ घालण्याचा विचार मांडला. पुढच्या दोन शतकांत हर्सिनियन डोंगरांवर सरळ रांगांत स्प्रूस लावला गेला. २०१८ पासूनच्या दुष्काळांत आणि सालकिड्यांच्या हल्ल्यात हार्ट्झवरचे हेच स्प्रूस उतारच्या उतार वाळून गेले. आता तिथे काय येऊ द्यायचे? १९७० मध्ये स्थापन झालेल्या बव्हेरियन फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानाने पडलेली झाडे तशीच ठेवून निसर्गाला वाट मोकळी करून दिली. व्हेराच्या विचाराचे लोक मोठे चरणारे प्राणी परत आणा म्हणतात. २०१३ मध्ये रोथार डोंगरात युरोपीय गवे सोडले, तेव्हा त्यांनी बीचची साल सोलली आणि वनमालक न्यायालयात गेले. दोन्ही पक्ष ‘मूळ’ रानाचा दाखला देतात आणि ते मूळ कोणत्या शतकातले, यावर त्यांचे एकमत नाही.

इतिहासाच्या बाजूने सर्वांत महत्त्वाचा उघडा प्रश्न इ.स.पू. पहिल्या शतकाचा आहे. मान्शिंगसारखी नगरे त्याच शतकात ओस पडली. सीझर लिहीत होता तेव्हा डॅन्यूबच्या वरच्या खोऱ्यातली वस्ती ओसरत होती. सोडलेल्या शेतांवर वीस-तीस वर्षांत रान उठते. मग सीझरच्या खबऱ्यांनी पाहिलेले अरण्य काही भागांत अगदी नवे, नुकतेच माजलेले होते का? बहुतेक दलदलींतल्या थरांचे वय शतकापेक्षा बारकाईने ठरवता येत नाही, म्हणून आजचा पुरावा होही म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. वर्षागणिक एक थर साचवणारी तळी हे कोडे सोडवू शकतील. अशा तळ्यांपैकी सर्वांत बारकाईने अभ्यासलेली तळी आयफेल डोंगरातल्या ज्वालामुखींच्या विवरांत आहेत, आणि आयफेल ऱ्हाइनच्या पश्चिमेला, सीझरच्या अरण्याच्या बाहेर पडतो.